व्हार्मिंट रायफल: दस्ता आणि चाप बदलून नेम कसा सुधारावा

अमेरिकेतल्या माळरानांवर प्रेअरी डॉग, ग्राउंडहॉग (दोन्ही बिळांत राहणारे, खारीच्या कुळातले) किंवा कायोट (लहान लांडग्यासारखा) अशा उपद्रवी प्राण्यांसाठी वापरली जाणारी जड नळीची बोल्ट ॲक्शन (हाताने बोल्टचा दांडा ओढून काडतूस भरायची) रायफल म्हणजे व्हार्मिंट रायफल. काडतूस बहुधा .223 रेमिंग्टन, .22-250 किंवा .204 रुगर, नळी 24 ते 26 इंचांची, वर मोठी दुर्बीण. लक्ष्य मात्र इवलेसे. उभ्या प्रेअरी डॉगची रुंदी जेमतेम तीन इंच भरते. एक एमओए (मिनिट ऑफ अँगल, अंशाचा साठावा भाग) म्हणजे 100 यार्डांवर 1.047 इंच आणि 300 यार्डांवर 3.14 इंच. शंभर यार्डांवर इंचाचा ग्रुप (एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचा पसारा) देणारी रायफल तीनशेवर काठावर पास होते, आणि त्यात वाऱ्याचा अंदाज जरा चुकला की नापास. म्हणून या प्रकारात सगळ्यांची धडपड अर्ध्या एमओएसाठी चालते.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की समजून घ्यावी. दस्ता (स्टॉक) आणि चाप (ट्रिगर) बदलल्याने नळी सुधारत नाही. नळी जेवढी चांगली आहे तेवढीच राहते. दस्त्याचे काम एवढेच, की प्रत्येक गोळीनंतर ॲक्शन (बोल्ट आणि तो ज्यात सरकतो तो धातूचा भाग, म्हणजे रिसीव्हर) अगदी त्याच जागी परत बसली पाहिजे. चापाचे काम त्याहून वेगळे आहे. तो रायफल सुधारत नाही, नेमबाजाचे बोट रायफल हलवते ते कमी करतो. ही दोन कामे वेगळी आहेत, म्हणून ती वेगवेगळी करावीत आणि मध्ये मोजमाप घ्यावे. दोन्ही एकाच शनिवारी उरकून टाकले तर फरक कशाने पडला ते कधीच कळत नाही. आणि फरक उलटा पडला, तर दोष कशाचा हे शोधताना डोके धरून बसावे लागते.

आधी मोजा

पैसे खर्च करण्याआधी रायफल आहे त्या स्थितीत तपासा. दुर्बिणीच्या बेसचे आणि रिंगांचे स्क्रू तपासा. बेसचे साधारण 20 इंच-पौंड (स्क्रू किती जोराने आवळायचा त्याचे माप), रिंगांच्या टोप्यांचे 15 ते 18. ‘माझी रायफल अचानक बिघडली’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा रोग इथेच सापडतो. नळीत साचलेले तांबे तांब्याच्या सॉल्व्हंटने काढा. मग निदान दोन-तीन प्रकारची काडतुसे घेऊन 100 यार्डांवर पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप घ्या, प्रत्येक प्रकाराचे तीन तरी. तीन गोळ्यांचा ग्रुप खुशामतखोर असतो. तो नशिबाने छोटा येतो आणि माणूस वर्षभर तो कागद पाकिटात घेऊन हिंडतो. ग्रुपच्या मध्ये नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. व्हार्मिंट रायफलची नळी जड असते, ती हळू तापते पण निवायलाही वेळ घेते.

कागदावर काय दिसते ते नीट वाचा. एकच गोळी भरकटते आणि बाकी चार चिकटून असतात, तेव्हा बहुधा नेमबाज किंवा चाप कारणीभूत असतो. गोळ्या उभ्या रेषेत पसरतात तेव्हा काडतूस, पुढच्या आधाराची जागा किंवा दस्त्याचा पुढचा भाग यांच्यावर संशय घ्यावा. नळी तापेल तसा ग्रुप एका दिशेने सरकत गेला, तर दस्ता कुठेतरी नळीला टेकतोय असे समजा.

दस्ता टेकतोय का हे घरीच पाहता येते. रिकाम्या रायफलच्या नळीखाली कागदाची नोट सरकवा आणि रिसीव्हरपर्यंत नेऊन बघा. नोट अडली की तिथे स्पर्श आहे. मग पुढे बायपॉड (दोन पायांचा आधार) लावून रायफलवर भार द्या आणि पुन्हा नोट सरकवा. कारखान्यातून येणारे साचेबद्ध प्लॅस्टिकचे दस्ते पहिल्या चाचणीत पास होतात आणि दुसऱ्या चाचणीत हमखास आपटतात, कारण त्यांचा पुढचा भाग हाताने दाबला तरी वाकतो.

दस्ता निवडताना

ढोबळमानाने चार पर्याय आहेत. लॅमिनेटेड लाकडाचे दस्ते, बॉइड्सचे त्यांत सर्वांत ओळखीचे, जड आणि ताठ असतात आणि खिशाला परवडतात. पण त्यांना बेडिंग (ॲक्शनखाली इपॉक्सीची बैठक, कृती पुढे आहे) करावेच लागते. आत ॲल्युमिनियमचा ठोकळा असलेले दस्ते, म्हणजे एच-एस प्रिसिजन किंवा बेल अँड कार्लसनचे, बरेचदा तसेच बसवून चालतात. मॅकमिलनसारखे फायबरग्लासचे दस्ते हातात उत्तम बसतात, पण महाग असतात आणि तेही बेडिंगवरच खुलतात. चौथा पर्याय धातूची चेसिस. बाकावरून दिवसभर नेम धरणाऱ्यांना ती आवडते, पण थंडीत गालाला गार लागते आणि पाठीवर वाहून न्यायची म्हटली की तिचे वजन कळते. पहिल्यांदाच करणाऱ्याने लॅमिनेट किंवा ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याचा दस्ता घ्यावा असे आमचे मत आहे.

ऑर्डर देताना चार गोष्टी लिहून ठेवा: ॲक्शन शॉर्ट की लाँग (.223, .22-250 आणि .243 शॉर्टमध्ये येतात), मॅगझिनचा प्रकार (खालून बंद, बिजागरीच्या झाकणाचे की निघणारे), नळीची जाडी आणि डावा की उजवा हात. सगळ्यात जास्त घोटाळा जाडीत होतो. साध्या शिकारी नळीसाठी कोरलेल्या दस्त्यात जड नळी मावत नाही, मग लोक सॅंडपेपर घेऊन तासन्‌तास घासत बसतात. ऑर्डरमध्ये व्हार्मिंट किंवा हेवी कंटूर असे स्पष्ट नमूद करा. पुढचा भाग वाळूच्या पिशवीवर ठेवायचा असेल तर तो खालून सपाट आणि निदान सव्वादोन इंच रुंद असावा. गोल तळाचा दस्ता पिशवीवर डावीकडे-उजवीकडे कलतो आणि दुर्बिणीची उभी रेष तिरकी होते.

सॅव्हेज रायफलवाल्यांनी एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवावी. तिच्या ॲक्शनचा मागचा टोकाचा भाग, म्हणजे टँग, दस्त्याला टेकता कामा नये. रेमिंग्टन 700 मध्ये टँगखाली आधार द्यायचा असतो, सॅव्हेजमध्ये तिथे फट ठेवायची असते. टिक्का टी3 मध्ये तर रिकॉइल लग (गोळीचा धक्का दस्त्याला देणारा धातूचा तुकडा) ॲक्शनला नसून दस्त्यात बसवलेला वेगळा तुकडा असतो. नवा दस्ता घेताना तो सोबत येतो का हे विचारावे.

फेडरल कायद्याच्या दृष्टीने नंबर कोरलेला रिसीव्हर म्हणजे बंदूक. बोल्ट ॲक्शनचा दस्ता आणि चाप हे सुटे भाग आहेत आणि ते टपालानेही मागवता येतात. शिकारीचे नियम मात्र राज्यागणिक बदलतात.

बसवून बघणे

बोल्ट काढा, मॅगझिन काढा, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही खात्री करा. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा. जुन्या दस्त्याचे स्क्रू सोडवून ॲक्शन वर उचला आणि नव्यात ठेवा. ती बोटाच्या दाबाने बसली पाहिजे. ठोकावी लागत असेल तर थांबा आणि ती कुठे अडते ते शोधा.

नळीभोवती दीड ते दोन मिलिमीटर फट असू द्या. कागदाएवढी फट मोजमापाला पुरते, पण माळरानावर नळी तापल्यावर, दस्त्याला ऊन लागल्यावर आणि बायपॉडवर भार पडल्यावर पुरत नाही. बोल्टचा दांडा खाली केल्यावर दस्त्याच्या खाचेला लागू नये. सेफ्टीचा खटका घासू नये. बायपॉडचा स्टड ज्या स्क्रूने बसवला आहे तो वरून नळीच्या खाचेत डोकावत नाही ना, हेही बघा. हा स्क्रू नळीला टेकून ग्रुप बिघडवतो आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही.

स्क्रूंच्या लांबीकडे विशेष लक्ष द्या, कारण नव्या दस्त्याची जाडी वेगळी असते. रेमिंग्टन 700 चे स्क्रू 1/4-28 आट्यांचे असतात. पुढचा स्क्रू जास्त लांब असला तर तो बोल्टच्या टोकावरच्या लगला (हा रिकॉइल लग नव्हे) भिडतो. खूण सोपी आहे. स्क्रू ढिला असताना बोल्ट मऊ चालतो आणि घट्ट केल्यावर जड होतो. असे झाले तर स्क्रूचे टोक घासून थोडे कमी करा.

मॅगझिनचा पत्र्याचा डबा ॲक्शन आणि खालच्या धातूच्या पट्टीत चिमटला जाऊ नये. सगळे घट्ट केल्यावरही तो बोटाने किंचित वरखाली हलला पाहिजे. हलत नसेल तर ॲक्शन दस्त्यावर न बसता डब्यावर बसली आहे, आणि त्यावर कितीही महागडे बेडिंग केले तरी ते वाया जाते.

बेडिंग

बेडिंग म्हणजे ॲक्शनच्या खालच्या पृष्ठभागाचा हुबेहूब ठसा इपॉक्सीत घेणे. लाकूड आणि दस्त्यातले लहानसहान खड्डे बाजूला राहतात आणि ॲक्शनला स्वतःच्या आकाराची खुर्ची मिळते. लागणारे सामान थोडे आहे: डेव्हकॉनची प्लॅस्टिक स्टील पुटी, मरीन-टेक्स किंवा ब्राउनेल्सचे अॅक्राग्लास जेल यांपैकी एक, रंगहीन बूट पॉलिश, इलेक्ट्रिकल टेप, मुलांची खेळण्याची माती, कापसाच्या काड्या आणि ॲल्युमिनियमचे दोन पिलर (ॲक्शनचे स्क्रू ज्यांतून जातात त्या नळकांड्या).

प्रमाण डब्यावर जसे असेल तसेच घ्या आणि वजनाचे की आकारमानाचे ते नीट वाचा. डेव्हकॉनच्या पुटीचे प्रमाण वजनाने 9:1 आहे, पण आकारमानाने 2.5:1. मरीन-टेक्स आकारमानाने 5:1. अॅक्राग्लास जेल समान भागांत. यात गल्लत झाली की मिश्रण रबरासारखे राहते किंवा ठिसूळ होते.

दस्त्यात रिकॉइल लगच्या भोवती आणि टँगखाली सुमारे तीन मिलिमीटर खोल जागा कोरा, म्हणजे इपॉक्सीला जाडी मिळेल. नुसता पापुद्रा लावला तर तो तडकू शकतो. साचेबद्ध प्लॅस्टिकच्या दस्त्याला इपॉक्सी धड चिकटत नाही, तिथे बारीक छिद्रे पाडून तिला पकड द्यावी लागते. पिलर आधी बसवून घ्या. ॲक्शनची उंची तेच ठरवतात आणि स्क्रू आवळल्यावर लाकूड दबू देत नाहीत.

मग ॲक्शनची तयारी. लगच्या पुढच्या बाजूला, दोन्ही कडांना आणि तळाला टेपचा एकेक थर लावा. मागची बाजू उघडी ठेवा. धक्का बसला की लगची मागची बाजू दस्त्यावर रेटते, म्हणून इपॉक्सी तिथेच भिडली पाहिजे. तळ टेकला तर ॲक्शन लगवर झोके घेते. नळीवर, दस्त्याच्या पुढच्या टोकाजवळ, टेपचे वेढे देऊन ती खाचेच्या मधोमध येईल असे करा. चाप काढून ठेवा. पिनांची छिद्रे, बोल्ट स्टॉपची खाच, मॅगझिनची जागा, जिथे जिथे इपॉक्सी शिरून अडकू शकेल ती प्रत्येक फट मातीने भरा.

यानंतर बूट पॉलिश. संपूर्ण ॲक्शनवर, लगवर, नळीच्या पहिल्या दोन इंचांवर आणि स्क्रूंवरसुद्धा पातळ थर लावा, वाळू द्या, पुसा आणि पुन्हा लावा. बेडिंगमध्ये ॲक्शन कायमची चिकटल्याच्या ज्या कहाण्या ऐकू येतात त्यांचे मूळ दोनच गोष्टींत असते: पॉलिश राहून गेलेली जागा, नाहीतर न भरलेली खाच. त्यातूनही चिकटलीच, तर सगळे जसेच्या तसे रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. धातू आकसतो आणि रबरी हातोडीच्या हलक्या ठोक्याने सुटतो. खाचेत अडकलेली असेल तर मात्र फ्रीजरही काही करू शकत नाही.

मिश्रणाचा रंग एकसारखा होईपर्यंत सावकाश ढवळा. जोरात फेटले तर हवेचे बुडबुडे राहतात. लगच्या खाचेत तळापासून भरत वर या, म्हणजे हवा अडकणार नाही. आणखी अर्धा ते दीड इंच नळीच्या मुळाखाली भरले तर जड नळीला आधार मिळतो. ॲक्शन सरळ खाली बसवा आणि स्क्रू फक्त टेकतील एवढेच फिरवा. इथे आवळण्याचा मोह टाळा. ताणलेल्या स्थितीत इपॉक्सी वाळली तर तो ताण कायमचा ठशात उतरतो, आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच बिघडते. बाहेर आलेली इपॉक्सी कापसाच्या काडीने लगेच पुसा.

साधारण 21 अंश सेल्सिअसला 24 तास ठेवा. खोली थंड असेल तर जास्त वेळ लागतो. काढल्यावर टेप आणि माती साफ करा, कडांवरची धार घासा आणि स्क्रूंची छिद्रे थोडी मोठी करा. स्क्रूच्या दांड्याने छिद्राच्या भिंतीला स्पर्श करू नये, नाहीतर धक्का लगऐवजी स्क्रू झेलतो.

जोडताना दोन्ही स्क्रू बोटांनी लावा, नळी वर करून रायफल उभी धरा आणि दस्त्याचे बूड गादीवर हलकेच आपटा. ॲक्शन मागे सरकून लग जागेवर बसते. मग आधी पुढचा, मग मागचा, असे दोन टप्प्यांत आवळा. पिलर किंवा ॲल्युमिनियमचा ठोकळा असेल तर 65 इंच-पौंड, म्हणजे सुमारे 7.3 न्यूटन-मीटर. पिलरविना लाकूड किंवा प्लॅस्टिक असेल तर 35 ते 40. दस्ता बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा. मधला तिसरा स्क्रू असेल तर तो केवळ टेकवायचा.

काम जमले का ते डायल इंडिकेटर सांगतो. त्याचा पाया नळीवर आणि टोक दस्त्याच्या पुढच्या भागावर ठेवून पुढचा स्क्रू हळूहळू सोडवा. काटा दोन-तीन हजारांश इंचांहून जास्त हलला तर ॲक्शन वाकून बसली आहे आणि बेडिंग पुन्हा करावे लागेल. नसला हलला, तर पुन्हा आवळा आणि मैदानावर जा. तीच काडतुसे, तेच अंतर, तेवढेच ग्रुप. आकडे लिहून झाल्यावरच चापाला हात घाला.

चाप

साडेपाच पौंडांच्या ओढीचा चाप नऊ-दहा पौंडांच्या रायफलवर लावला, तर बोट रायफलच्या निम्म्याहून जास्त वजनाइतके बळ लावते, आणि ते सगळे नेमक्या वाईट क्षणी. म्हणून ओढ कमी करायची. पण किती? बायपॉडवर पालथे पडून प्रेअरी डॉग टिपणाऱ्याला दीड पौंड ठीक. चालत, गवतातून, कधी हातमोजे घालून कायोटच्या मागे जाणाऱ्याने अडीच ते तीन पौंडांखाली उतरू नये. काही औंसांचे चाप बेंचरेस्टच्या (बाकावर रायफल टेकवून नेमबाजीच्या) स्पर्धेसाठी असतात. तसला चाप लावून ट्रकमधून चढउतार करणाऱ्यांना दुरूनच नमस्कार.

सॅव्हेजचा अॅक्युट्रिगर असेल तर नवा विकत घेण्याआधी आहे तोच हलका करून बघा. सोबत आलेल्या हत्याराने स्प्रिंग फिरवून तो खाली आणता येतो. व्हार्मिंट मॉडेलांत तो दीड पौंडापर्यंत उतरतो. मधली पाती न दाबता चाप कडेने ओढला तर सियर (फायरिंग पिन रोखून धरणारा तुकडा) पातीवर अडकतो आणि गोळी सुटत नाही. बोल्टचा दांडा उचलून पुन्हा लावावा लागतो. हा बिघाड नाही, ती सुरक्षेची सोय आहे. टिक्काच्या चापाची ओढही एका स्क्रूने कमी-जास्त करता येते.

रेमिंग्टन 700 ला टिम्नी किंवा ट्रिगरटेकचे तयार चाप बसतात. टिम्नीचा 510 दीड ते चार पौंडांच्या दरम्यान बसवता येतो. 1 मे 2006 ते 9 एप्रिल 2014 या काळात बनलेल्या एक्स-मार्क प्रो चापाच्या रायफली रेमिंग्टनने 2014 मध्ये परत बोलावल्या होत्या, कारण जोडणीत जास्त लागलेल्या चिकट द्रव्यामुळे चाप न ओढताही गोळी सुटण्याची शक्यता होती. अशी जुनी रायफल हाती आली, तर दुरुस्तीची खात्री पटेपर्यंत तिच्यात काडतूस घालू नका.

बदलण्याची कृती छोटी आहे. ॲक्शन दस्त्यातून बाहेर काढा आणि जुन्या चापाचा दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. दोन पिना आहेत. मागच्या पिनेवर बोल्ट स्टॉप आणि त्याची वाकडी बारीक स्प्रिंगही अडकवलेली असते, आणि पिन निघताच ती उडते. पिनेपेक्षा किंचित बारीक पंच वापरा, आणि काम मोठ्या ट्रेमध्ये किंवा टॉवेलवर करा. नवा चाप बसवून पिना परत घाला. त्या ॲक्शनच्या बाहेर डोकावू नयेत. बोल्ट स्टॉप दाबून बोल्ट निघतो आणि न दाबता अडतो, हे बघा. काही चापांची पेटी जुन्यापेक्षा रुंद असते. मग दस्त्याची आतली भिंत थोडी कोरावी लागते. पेटी कुठेही टेकू नये, आणि चापाचे बोटाचे टोक गार्डच्या फटीत घासू नये.

स्क्रू साधारण तीन असतात: ओढीचा, चाप सुटल्यानंतरच्या जास्तीच्या प्रवासाचा आणि सियरच्या पकडीचा. नवशिक्याने फक्त पहिल्याला हात लावावा. सियरची पकड कारखान्यात बसवलेली असते. ती कमी केली की चाप काचेसारखा कुरकुरीत सुटतो, आणि एक दिवस बोल्ट बंद करतानाच सुटतो. ओढ पाव फेरीने बदला, गेजवर दहा वेळा मोजा. सरासरीइतकेच महत्त्व आकड्यांमधल्या अंतराला आहे. दहा वाचनांत अर्ध्या पौंडाचा फरक येत असेल तर काहीतरी घासते आहे. मनासारखी झाली की स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका.

आता चाचण्या. त्या रिकाम्या रायफलवरच, आणि एकही टाळायची नाही. बोल्ट दहा वेळा जोरात बंद करा. सेफ्टी लावून चाप कचकचीत ओढा, सोडा, मग सेफ्टी काढा. सेफ्टी काढताना फायरिंग पिन सुटली तर चाप नापास. मग बोल्ट लावून दस्त्याचे बूड रबरी चटईवर काही इंचांवरून आपटा आणि ॲक्शनच्या बाजूंना रबरी हातोडीने टकटक करा. कशातही सुटला तर ओढ वाढवा. तरी सुटत असेल तर चाप काढून बनवणाऱ्याकडे किंवा गनस्मिथकडे पाठवा.

चापाला तेल घालू नका. थंडीत ते घट्ट होते आणि धूळ धरते. नळी साफ करताना बोर गाइड (सफाईची सळई सरळ नेणारी नळी) वापरा आणि नळी खालच्या दिशेला ठेवा. नाहीतर सॉल्व्हंट मागे वाहत चापात उतरते आणि काही महिन्यांनी चाप चिकट झाल्याची तक्रार सुरू होते.

पुन्हा मैदानावर, पुन्हा तेच ग्रुप. पहिल्या वीसेक गोळ्यांनंतर ॲक्शनचे स्क्रू टॉर्क रेंचने तपासा. नवे बेडिंग थोडे दबते. बेडिंग आणि चाप दोन्ही ठीक असून ग्रुप जागचा हलत नसेल, तर नळीचे तोंड भिंगाखाली बघा. तिथे चरा पडलेला असला तर पुढचे काम लेथवाल्या गनस्मिथचे आहे.